क्लस्टर डेटाबेसचे सामायिक स्टोरेज : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

क्लस्टरमध्ये (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटात) नोड म्हणजे सर्व्हर दोन, नेटवर्क कार्डे दोन, वीजपुरवठे दोन असतात. डेटा मात्र एकच असतो आणि तो सगळ्यांनी मिळून वापरायचा असतो. म्हणून स्टोरेजच्या नियोजनात राहिलेली चूक सगळ्या नोडना एकाच वेळी भोवते. या अंकासाठी आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न घेतले आहेत. बहुतेक ओरॅकल रॅकबद्दल (एकच ओरॅकल डेटाबेस अनेक नोडवरून चालवण्याच्या रचनेबद्दल) आहेत, एक पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसबद्दल.

प्रश्न : दोन नोडच्या ओरॅकल रॅकसाठी नवे स्टोरेज घ्यायचे आहे. डेटाबेस सध्या २ टेराबाइटचा आहे. स्टोरेज टीमकडे किती टेराबाइट मागायचे?

टेराबाइटचा आकडा सर्वांत शेवटी काढा. त्याआधी तीन गोष्टी मोजाव्या लागतात: सेकंदाला किती वाचने आणि किती लेखने होतात, रेडो (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) लिहायला किती वेळ लागतो आणि बॅकअपच्या वेळी सेकंदाला किती मेगाबाइट वाहतात.

पहिला आकडा चालू डेटाबेसच्या एडब्ल्यूआर अहवालातून (ओरॅकलच्या कामगिरीच्या अहवालातून) मिळतो. एकूण भौतिक वाचन-विनंत्या आणि लेखन-विनंत्या सर्व इन्स्टन्समधून (प्रत्येक नोडवर चालणाऱ्या डेटाबेस प्रोग्रॅममधून) घ्या आणि त्यांची बेरीज करा. अहवालाचे स्नॅपशॉट (आकड्यांच्या ठरावीक वेळच्या नोंदी) तासाभराच्या अंतराने असतील तर दहा मिनिटांचा भार सरासरीत विरून जातो, म्हणून मापनाच्या काळापुरते अंतर १५ मिनिटांवर आणा. महिनाअखेर किंवा हिशेब बंद होण्याचा दिवस मापनात आलाच पाहिजे.

समजा गर्दीच्या वेळी सेकंदाला ६,००० वाचने आणि २,००० लेखने आहेत. रेड म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत. रेड १० मध्ये प्रत्येक लेखनामागे डिस्कवर २ कामे होतात, रेड ५ मध्ये ४, रेड ६ मध्ये ६. म्हणजे मागच्या डिस्कना अनुक्रमे १०,०००, १४,००० आणि १८,००० कामे पेलावी लागतील. १५,००० आरपीएमची फिरती डिस्क सेकंदाला साधारण १७५ कामे करते. या हिशेबाने रेड १० ला ५८ डिस्क लागतात आणि रेड ५ ला ८०. एसएसडीवर हा आकडा सहज गाठला जातो. तिथे विचारायचा प्रश्न असा, की एक ड्राइव्ह गेल्यावर रीबिल्ड (त्यावरचा डेटा परत बनवणे) चालू असताना प्रतिसाद किती मंदावतो.

दुसऱ्या आकड्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि रॅकमध्ये तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. एका नोडने बदललेला ब्लॉक (डेटाचा तुकडा) दुसऱ्या नोडला हवा असेल, तर पाठवणाऱ्या नोडला त्या बदलाचे रेडो आधी डिस्कवर लिहावे लागते. ब्लॉक त्यानंतरच इंटरकनेक्टवरून (नोडना आपसांत जोडणाऱ्या नेटवर्कवरून) निघतो. त्यामुळे रेडोचे लेखन मंदावले की त्याचा फटका दुसऱ्या नोडवरच्या वापरकर्त्यालाही बसतो, आणि प्रतीक्षा इंटरकनेक्टच्या नावाखाली नोंदली जात असल्याने लोक नेटवर्क तपासत बसतात. रेडोची लेखने छोटी आणि सलग असतात. स्टोरेजच्या राइट कॅशमध्ये (लेखने आधी घेणाऱ्या वेगवान स्मृतीत) ती एक मिलिसेकंदाच्या आत संपायला हवीत. विक्रेत्याला एक प्रश्न लेखी विचारा: एक कंट्रोलर बंद पडला किंवा कॅशची बॅटरी उतरली, तर कॅश राइट-थ्रू होते का, म्हणजे प्रत्येक लेखन डिस्कवर पोचेपर्यंत थांबावे लागते का? बऱ्याच स्टोरेजमध्ये होते. मग उरलेला कंट्रोलर चालू असूनही डेटाबेस रांगू लागतो.

तिसरा आकडा वाहतुकीचा. ८ किलोबाइटच्या ८,००० विनंत्या म्हणजे सेकंदाला जेमतेम ६३ मेगाबाइट. पण २ टेराबाइटचा पूर्ण बॅकअप दोन तासांत उरकायचा तर सेकंदाला सुमारे २९० मेगाबाइट लागतात. ८ गिगाबिटचा फायबर चॅनल (स्टोरेजसाठीचे वेगळे नेटवर्क) पोर्ट सुमारे ८०० मेगाबाइट देतो, त्यामुळे तिथे अडचण नाही. १ गिगाबिट इथरनेटवरच्या आयस्कझीत (साध्या नेटवर्कवरून डिस्क देण्याच्या पद्धतीत) मात्र दोन पोर्ट मिळूनही ते भागत नाही.

आता जागा. वर्षाला २५ टक्के वाढ धरली तर ३ वर्षांनी २ चे ३.९ टेराबाइट होतात. १५ टक्के मोकळीक ठेवून डेटासाठी सुमारे ४.५ टेराबाइट धरा. फास्ट रिकव्हरी एरियात (ओरॅकलच्या बॅकअप आणि लॉग ठेवण्याच्या जागेत) एक पूर्ण बॅकअप ठेवायचा असेल तर त्याचे ३.९ आणि वर अर्काइव्ह लॉग (भरलेल्या रेडो लॉगच्या जपून ठेवलेल्या प्रती). अर्काइव्ह लॉगचा हिशेब सर्वांत जड दिवसावर करा, सरासरीवर नको. सरासरी ६० गिगाबाइट आणि जड दिवशी १५० गिगाबाइट असतील, तर बॅकअप सुट्टीच्या दिवसांत अडकून पडेल असे गृहीत धरून चार जड दिवसांचे ६०० गिगाबाइट ठेवा. ही जागा भरली की या प्रती बनवणारा अर्काइव्हर थांबतो, ओरा-००२५७ ही त्रुटी दिसू लागते आणि लॉग फिरवायला जागा न उरल्याने सगळ्या नोडवरचे व्यवहार अडतात.

हे सगळे आकडे एका प्रतीचे आहेत. मिररिंग (डेटाच्या जास्तीच्या प्रती ठेवणे) एएसएम, म्हणजे ओरॅकलचे डिस्क सांभाळणारे सॉफ्टवेअर, करणार असेल तर नॉर्मल रिडंडन्सीला (दोन प्रती) दुप्पट आणि हाय रिडंडन्सीला (तीन प्रती) तिप्पट जागा लागते.

प्रश्न : ४.५ टेराबाइटचा एकच मोठा लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) घ्यावा की लहान लहान अनेक?

अनेक, आणि सगळे सारख्या आकाराचे. लिनक्समध्ये प्रत्येक लनची विनंत्यांची स्वतःची रांग असते आणि अनेक एचबीए (सर्व्हरला स्टोरेजशी जोडणारे कार्ड) ड्रायव्हरांत तिची खोली, म्हणजे एका वेळी मावणाऱ्या विनंत्या, ३२ किंवा ६४ असते. खोली ३२ आणि प्रतिसाद ५ मिलिसेकंद असेल, तर एका नोडवरून एका लनमार्गे सेकंदाला ६,४०० च्या पुढे विनंत्या जात नाहीत, मागे कितीही वेगवान स्टोरेज असो. ६०० गिगाबाइटचे ८ लन घेतले की ही अडचण सुटते. डेटा आणि रिकव्हरी एरिया यांच्या प्रत्येक डिस्क ग्रुपला (एएसएम एकत्र वापरते त्या लनांच्या गटाला) किमान ४ लन द्या.

आकार सारखेच हवेत, कारण एएसएम आकाराच्या प्रमाणात डेटा वाटते. ६०० च्या सात लनांत १,२०० चा एक घातला की त्या एकावर दुप्पट भार येतो. अलोकेशन युनिट (एएसएम ज्या तुकड्यांत जागा वाटते त्याचा आकार) डिस्क ग्रुप बनवतानाच ठरवावे लागते, नंतर बदलता येत नाही. ४ मेगाबाइट ठेवा. जुन्या आवृत्त्यांत काही सांगितले नाही तर ते १ मेगाबाइट होते.

प्रश्न : दोन वेगळी स्टोरेज घेतली, दोन्हीकडून लन दिले आणि नॉर्मल रिडंडन्सीचा डिस्क ग्रुप बनवला. चाचणीत एक स्टोरेज बंद करताच डिस्क ग्रुपच डिसमाउंट झाला. दोन प्रती असताना असे कसे?

फेल्युअर ग्रुप (एकाच बिघाडात एकत्र जाणाऱ्या डिस्कचे गट) सांगायचे राहून गेले असावेत. ते सांगितले नाहीत तर एएसएम प्रत्येक डिस्कला स्वतंत्र फेल्युअर ग्रुप समजते. मग दोन्ही प्रती वेगवेगळ्या डिस्कवर जातात खऱ्या, पण त्या दोन्ही डिस्क एकाच स्टोरेजमधल्या असू शकतात. कुठला लन कुठल्या पेटीतून आला हे एएसएमला कळायला मार्ग नाही, ते आपणच सांगायचे. पहिल्या स्टोरेजचे सगळे लन एका फेल्युअर ग्रुपमध्ये आणि दुसऱ्याचे दुसऱ्यात टाका.

तुमच्या बनून गेलेल्या डिस्क ग्रुपमध्ये डिस्कचा फेल्युअर ग्रुप जागच्या जागी बदलता येत नाही. डिस्क काढून, रीबॅलन्स (डेटाची फेरवाटणी) पूर्ण होऊ देऊन, योग्य फेल्युअर ग्रुपच्या नावाने परत घालावी लागते. डेटा अजून कमी असेल तर डिस्क ग्रुप नव्याने बनवलेला बरा. वेळही वाचतो आणि मनात शंकाही राहत नाही.

यातच जागेची एक मेख आहे. फेल्युअर ग्रुप तीन असतील आणि प्रत्येकी २ टेराबाइट, तर रिकाम्या डिस्क ग्रुपमध्ये ६ टेराबाइट मोकळे दिसतात. पण एक ग्रुप गेल्यावर हरवलेल्या प्रती पुन्हा बनवायला २ टेराबाइट राखून ठेवावे लागतात आणि उरलेल्या ४ चे दोन प्रतींमुळे २ होतात. खरी वापरण्याजोगी जागा एवढीच. डिस्क ग्रुपच्या व्ह्यूमध्ये ‘युजेबल फाइल एमबी’ हा रकाना नेमके हेच दाखवतो. तो उणे झाला तरी डेटाबेस चालत राहतो. तेव्हाच सावध व्हायला हवे, कारण त्यानंतरच्या बिघाडात प्रत परत बनवायला जागा उरलेली नसते. दोनच स्टोरेज असतील तर तिसरीकडे प्रत बनवण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून प्रत्येकात संपूर्ण डेटा एकट्याने मावलाच पाहिजे.

प्रश्न : व्होटिंग फाइल तीनच का? आमच्या दोन इमारतींत एकेक स्टोरेज आहे. तिसरी फाइल कुठे ठेवायची?

व्होटिंग फाइल म्हणजे कोणते नोड क्लस्टरमध्ये राहणार हे ठरवायला वापरल्या जाणाऱ्या सामायिक फाइल. नोडला निम्म्याहून अधिक व्होटिंग फाइल दिसल्याच पाहिजेत, नाही तर तो क्लस्टरमधून बाहेर पडतो. तीन असतील तर दोन दिसाव्या लागतात, पाच असतील तर तीन. दोन ठेवून काहीच मिळत नाही, कारण एक गेली की उरलेली एक म्हणजे बरोबर निम्मी. निम्म्याहून अधिक नव्हे. एएसएममध्ये ही संख्या आपण ठरवत नाही: एक्स्टर्नल रिडंडन्सीला (मिररिंग स्टोरेजवरच सोपवले असेल तर) १, नॉर्मलला ३, हायला ५ अशी ती आपोआप येते. त्यासाठी त्या डिस्क ग्रुपमध्ये अनुक्रमे तितके फेल्युअर ग्रुप लागतात. सगळ्या व्होटिंग फाइल एकाच डिस्क ग्रुपमध्ये असाव्या लागतात. हा ग्रुप लहान आणि वेगळा ठेवा, त्यात ओसीआरही (क्लस्टरच्या मांडणीची नोंद) ठेवा, म्हणजे डेटाच्या डिस्क ग्रुपवर काम करताना क्लस्टरवेअर (क्लस्टर चालवणारे ओरॅकलचे सॉफ्टवेअर) धोक्यात येत नाही.

दोन इमारतींत तीन फाइल म्हणजे एका इमारतीत दोन आल्याच. ती इमारत अंधारात गेली की दुसरीतला धडधाकट नोडही स्वतःला बाहेर काढतो. म्हणून तिसरी फाइल तिसऱ्या जागी हवी. तिथे मोठे स्टोरेज लागत नाही. एखादा साधा एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून फाइल पुरवणारा) किंवा आयस्कझी टार्गेट पुरतो आणि ती डिस्क ‘कोरम’ फेल्युअर ग्रुप म्हणून जोडायची. कोरम ग्रुपमध्ये वापरकर्त्यांचा डेटा जात नाही, त्यामुळे तिथला संथपणाही चालतो.

तिसरी जागा खरोखर तिसरी आहे ना, हे स्वतः जाऊन तपासा. एनएफएस सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असू शकतो आणि त्याची डिस्क पहिल्या इमारतीतल्याच स्टोरेजवर असू शकते, आणि हे कागदावर दिसत नाही. तसे असेल तर पहिली इमारत गेली की दोन मते एकदम जातात. वीज, स्विच, व्हर्च्युअल मशीनची डिस्क, डीएनएस हे सगळे शेवटच्या टोकापर्यंत शोधत जा.

प्रश्न : चारपैकी दोन केबल काढल्या तरी काम चालू राहते. पण एका नोडच्या चारही केबल काढल्या तर तो नोड ना चालतो ना बाहेर पडतो, नुसता लटकतो. मल्टिपाथमध्ये (एकाच लनकडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काय चुकले?

बहुधा ‘क्यू इफ नो पाथ’ हे सेटिंग चालू आहे. त्याचा अर्थ असा, की एकही मार्ग उरला नाही तर विनंती नाकारायची नाही, मार्ग परत येईपर्यंत धरून ठेवायची. एकट्या सर्व्हरला ते सोयीचे असते. क्लस्टरमध्ये मात्र नोडला ‘डिस्क गेली’ असे स्पष्ट उत्तर मिळायला हवे, तरच त्याला बाजूला करून दुसरा नोड काम पुढे नेऊ शकतो. ‘नो पाथ रिट्राय’ला ‘फेल’ द्या किंवा लहान संख्या द्या. तपासणीचे अंतर ५ सेकंद असेल तर १२ म्हणजे सुमारे ६० सेकंद.

या वेळांची साखळी कागदावर मांडा. क्लस्टरवेअरमध्ये व्होटिंग फाइलवरच्या विनंतीला एरवी २०० सेकंदांची मुदत असते आणि लिनक्सवर नेटवर्क हृदयस्पंदनाला (नोड जिवंत असल्याचे एकमेकांना कळवतात त्या संदेशाला) ३० सेकंदांची. मार्ग बदलण्याचे सगळे उशीर मिळून २०० सेकंदांच्या पुष्कळ आत बसले पाहिजेत. आयस्कझीच्या मूळ सेटिंगमध्ये तपासणीचे ५ सेकंद, उत्तराची वाट पाहण्याचे ५ आणि सत्र परत जोडण्याचे १२० असे १३० सेकंद एका मार्गावरच जातात. तेवढा वेळ डेटाबेस गोठलेला दिसतो. मल्टिपाथ असेल तर १२० च्या जागी ५ ते १५ ठेवा, म्हणजे मार्ग लगेच बदलतो. फायबर चॅनलवर केबल निघाली तर लगेच कळते, पण अर्धवट बिघडलेला ट्रान्सीव्हर (केबलच्या टोकाचा जोड) फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, गिळत राहिला तर प्रत्येक विनंती स्कझीची मूळ ३० सेकंदांची मुदत संपेपर्यंत अडकते. स्विचवरचे सीआरसी त्रुटींचे (वाटेत खराब झालेल्या डेटाचे) आकडे वाढताहेत का, हे नियमित पाहणे हाच त्यावर उपाय.

नावांबद्दलही सांगायला हवे. मल्टिपाथने आपोआप दिलेली एमपाथए, एमपाथबी अशी नावे प्रत्येक नोडवर वेगळी असू शकतात. एका नोडवरचा एमपाथबी म्हणजे दुसऱ्यावरचा एमपाथडी. कोणी ‘रिकामा एमपाथबी’ म्हणून पुसायला गेला की डेटा जातो. लनच्या डब्ल्यूडब्ल्यूआयडीवरून (कायम ओळख क्रमांकावरून) उपनाव ठरवा आणि तीच फाइल सगळ्या नोडवर ठेवा. मालकी यूडेव्हच्या (लिनक्समधल्या उपकरणांची नावे आणि परवानग्या ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) नियमात त्याच ओळखीवरून द्या. एएसएमलिब (एएसएमला डिस्क शोधून देणारा ओरॅकलचा ड्रायव्हर) वापरत असाल तर शोधाचा क्रम ‘डीएम’ म्हणजे मल्टिपाथच्या उपकरणांपासून सुरू करून ‘एसडी’ नावाची, एकेका मार्गाची उपकरणे वगळा. नाही तर एएसएम एकाच केबलला चिकटून बसते आणि मल्टिपाथ असून नसल्यासारखा होतो.

प्रश्न : दोन सर्व्हरना एकच लन दिला आहे, त्यावर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम आहे. दोन्हीकडे माउंट करून पोस्टग्रेएसक्यूएल एका बाजूला चालवले, तर दुसरी बाजू लगेच तयार राहील ना?

कृपया असे करू नका. आत्ता दोन्हीकडे माउंट असेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी एका बाजूने अनमाउंट करा, डेटाबेस बंद करून फाइल सिस्टिम तपासा आणि हाताशी चांगला बॅकअप असल्याची खात्री करा.

एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ एकाच मालकासाठी आहेत. कुठले ब्लॉक मोकळे, कुठली फाइल कुठे, याची नोंद प्रत्येक सर्व्हर आपल्या स्मृतीत ठेवतो आणि दुसऱ्याने ती बदलली हे त्याला कळत नाही. दुसऱ्या बाजूने फक्त वाचायला माउंट केले तरी तिला शिळी नोंद दिसते, शिवाय माउंट करताना जर्नल (अपुऱ्या राहिलेल्या बदलांची नोंद) पुन्हा चालवला गेल्यास डिस्कवर लिहिलेही जाते. पोस्टग्रेएसक्यूएलची पीआयडी फाइल इथे वाचवत नाही. तिच्यातला प्रोसेस क्रमांक आपल्याच मशीनवर शोधला जातो, त्यामुळे दुसरा सर्व्हर ‘असा प्रोसेस नाही’ असे समजून खुशाल सुरू होतो.

सामायिक डिस्क ठेवायचीच असेल तर एका वेळी एकच मालक, अशी रचना करा. पेसमेकरमध्ये (लिनक्सवरच्या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सर्वांत आधी फेन्सिंग: जुना नोड वीज तोडून किंवा स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशनने लनवरून हटवून खरोखर बंद झाल्याची खात्री. ती मिळाल्यावरच व्हॉल्यूम ग्रुप (लिनक्सच्या एलव्हीएमने बनवलेला डिस्कच्या जागेचा गट) सक्रिय करणे, मग फाइल सिस्टिम, मग डेटाबेस, शेवटी आयपी. हा क्रम एकाच गटात बांधा. व्हॉल्यूम ग्रुपला एलव्हीएमचा सिस्टिम आयडी द्या, म्हणजे परक्या नोडवर तो सक्रियच होत नाही. एफएसटॅब या फाइलमधली आपोआप माउंट होणारी ओळ काढा आणि सिस्टिमडीतून (लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून) पोस्टग्रेएसक्यूएलचे आपोआप सुरू होणे बंद करा. या दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात आणि रीबूटनंतर दोन मालक तयार होतात. ईएक्सटी४ला एमएमपी ही दुहेरी माउंट रोखणारी सोय आहे. एक्सएफएसला अशी सोय नाही.

जीएफएस२ सारखी क्लस्टर फाइल सिस्टिम दोन्हीकडे माउंट करता येते, पण त्यामुळे पोस्टग्रेएसक्यूएल दोन्हीकडे चालवता येत नाही, तेव्हा फायदा फारसा नाही. खरे सांगायचे तर पोस्टग्रेएसक्यूएलसाठी स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (बदल सतत दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणे) अधिक चांगले. सामायिक स्टोरेजच बिघडले तर वरच्या रचनेतले दोन्ही सर्व्हर निकामी होतात, रेप्लिकेशनमध्ये दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असते.

प्रश्न : रॅकच्या डेटाफाइल एनएफएसवर ठेवल्या तर चालते का?

चालते, माउंटचे पर्याय नीट असले तर. ‘हार्ड’ हवाच. ‘सॉफ्ट’मध्ये सर्व्हर क्षणभर गप्प झाला की लेखन अर्धवट सुटून त्रुटी येते. टीसीपी, वाचन-लेखनाचा आकार ३२७६८ आणि ‘ॲक्टाइमिओ’ शून्य, जेणेकरून एका नोडने वाढवलेला फाइलचा आकार दुसऱ्याला लगेच दिसेल. ओरॅकलचे डायरेक्ट एनएफएस चालू केले तर चार मार्गांपर्यंत भार वाटता येतो. इंटरकनेक्ट आणि एनएफएस एकाच तारेवर टाकू नका. बॅकअप सुरू झाला की हृदयस्पंदन गुदमरते आणि नोड बाहेर फेकला जातो. जम्बो फ्रेम (९००० बाइटपर्यंतच्या मोठ्या नेटवर्क फ्रेम) वापरत असाल तर तुकडे न करण्याची अट घालून ८९७२ बाइटचे पिंग प्रत्येक मार्गावर करून पाहा. वाटेतला एक स्विच १५०० वर राहिला की लहान पिंग जाते आणि मोठे लेखन अडते.

प्रश्न : स्टोरेजचे स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) रोज घेतो. वेगळा बॅकअप हवा का?

हवा. स्नॅपशॉट त्याच पेटीत असतो. शिवाय डिस्क ग्रुपचे सगळे लन एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये घेऊन एकाच क्षणाचा स्नॅपशॉट घेतला नसेल, तर तो उघडेलच याची खात्री नसते.

प्रश्न : नवे स्टोरेज जोडून झाले. डेटा चढवण्याआधी काय काय तपासावे?

वेग तपासायला एफआयओ हा चाचणीचा प्रोग्रॅम चांगला आहे, मात्र कच्च्या लनवर लेखन चाचणी केली की तिथले सगळे पुसले जाते. म्हणून ही चाचणी डिस्क ग्रुप बनवण्याआधीच करा. ८ किलोबाइट, रँडम, तुमच्या मोजमापातले वाचन-लेखनाचे प्रमाण, डायरेक्ट आयओ (ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश टाळणे) चालू. सगळ्या नोडवरून एकाच वेळी चालवा, कारण खरा भारही तसाच येणार आहे. किमान तासभर चालू द्या. पहिल्या काही मिनिटांत कॅशच बोलत असते. चाचणीचे क्षेत्र स्टोरेजच्या कॅशच्या कित्येक पट मोठे हवे.

इथे खोटे आकडे येण्याच्या दोन वाटा आहेत. थिन लनवर (लिहिल्यावरच जागा घेणाऱ्या लनवर) जिथे कधी काही लिहिलेच नाही तिथून वाचले, तर स्टोरेज डिस्कला हातही न लावता शून्ये परत देते. म्हणून आधी सगळा लन एकदा भरून घ्या. आणि स्टोरेज कॉम्प्रेशन किंवा डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच ठेवणे) करत असेल तर एकसारख्या डेटावर ते अवास्तव वेगवान दिसते, म्हणून दर वेळी नवा यादृच्छिक डेटा लिहायला सांगा.

मग डेटाबेस उभा करून, त्यावर भार ठेवून, एकेक वस्तू तोडा: एक केबल, एक स्विच, एक कंट्रोलर, एका नोडचे सगळे मार्ग, एक संपूर्ण स्टोरेज, तिसऱ्या जागेची व्होटिंग फाइल. दर वेळी किती सेकंद व्यवहार थांबले ते लिहा. जोडून घेतल्यावर सगळे परत आले का, हे पाहणे तोडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. मल्टिपाथच्या यादीत मार्गांची संख्या मूळपदावर आली पाहिजे. स्टोरेज बंद करून चालू केल्यावर एएसएमच्या डिस्क ऑफलाइनच राहिल्या असतील तर त्या हाताने ऑनलाइन कराव्या लागतात. दुरुस्तीसाठी ठरवून दिलेली मुदत उलटून गेली, तर एएसएम त्या डिस्क काढून टाकते. मग फक्त बदललेला भाग जुळवून भागत नाही, सगळा डेटा पहिल्यापासून परत भरावा लागतो. ही मुदत डिस्क ग्रुपच्या गुणधर्मात पाहा आणि स्टोरेज दुरुस्त होऊन परत यायला लागणाऱ्या खऱ्या वेळेपेक्षा ती जास्त ठेवा.